करापोटी कलाकृती : एका 'ऐनजिनसी' धोरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

'देणे' या मराठी शब्दाला दोन तोंडे आहेत. क्रियापद म्हणून तो दातृत्वाचा वाचक आहे, तर नाम म्हणून ऋणाचा. 'त्याने चित्र दिले' असे म्हटले की औदार्य डोळ्यांपुढे येते. 'त्याचे देणे राहिले' असे म्हटले की सावकाराची वही आठवते. कर रोख न भरता त्याच्या बदली कलाकृती सरकारजमा करण्याचे जे धोरण ब्रिटन, फ्रान्स, मेक्सिको आदी देशांनी विसाव्या शतकात स्वीकारले, ते नेमके या दोन अर्थांच्या सीमेवर उभे आहे. संग्रहालयाच्या भिंतीवर ते औदार्यासारखे दिसते; कायद्याच्या पुस्तकात मात्र ते ऋणफेडीच्या प्रकरणात सापडते. फ्रेंच कायद्यातील 'दासिओं' ही संज्ञा रोमन कायद्यातील 'दातिओ इन सोलुतुम' या कल्पनेतून आलेली आहे. ठरलेल्या वस्तूऐवजी दुसरी वस्तू देऊन धनकोची बाकी चुकती करणे, असा तिचा अर्थ.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मराठेशाहीच्या जमाखर्चात 'नक्त' आणि 'ऐनजिनसी' असे वसुलाचे दोन प्रकार नेहमीच भेटतात. रोख पैसा दुर्मीळ असलेल्या काळात रयतेकडून धान्य, तूप, गवत अशा जिनसा सरकारात जमा होत असत. मात्र त्या वसुलात एक गोष्ट पक्की होती. तिथे माप होते. धान्याला पायली होती, तुपाला शेर होता. चित्राला पायली नाही. त्यामुळे चित्र ऐनजिनसी वसुलात आले की ते कोण मोजणार, कोणत्या मापाने मोजणार आणि ते माप कोणाच्या बाजूने झुकणार हे प्रश्न लगेच उभे राहतात. या धोरणावर होणारे लेखन बहुधा संग्रहालयांच्या कृतज्ञतेच्या सुरात असते आणि ते स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखात मात्र मापाच्या या प्रश्नावरून धोरणाची तपासणी करण्याचा, आणि भारतात त्याची मागणी होते तेव्हा तिचा पाया काय आहे हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

ब्रिटन : जमिनीकडून चित्राकडे

ब्रिटनमध्ये या धोरणाचा आरंभ कलेच्या प्रेमातून झाला नाही. लॉईड जॉर्ज यांच्या गाजलेल्या अर्थसंकल्पातून निघालेल्या १९१०च्या वित्त कायद्याने मृत्युकराच्या बदल्यात जमीन स्वीकारण्याची मुभा सरकारला दिली. बड्या जमीनदारांवर कर बसवायचा आणि तो जमिनीच्या रूपानेही घ्यायचा, असा तो विचार होता. पुढील तीन दशके या तरतुदीचा फारसा उपयोग झाला नाही. तिच्यात जीव आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४६ साली अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी युद्धातील शिल्लक सामग्रीच्या विक्रीतून आलेले ५ कोटी पौंड बाजूला काढून 'राष्ट्रीय भूमी निधी' उभारला. युद्धात पडलेल्यांचे स्मारक दगडाचे न करता देशाच्या निसर्गरम्य भूमीचे करावे, ही त्यामागील भावना होती. करखात्याने जमीन वा घर घेतले तर तेवढी रक्कम या निधीने खात्याला भरून द्यायची, अशी व्यवस्था झाली. १९४७ साली कॉर्नवॉलमधील कोटहील हे जुने घर या मार्गाने राष्ट्रीय न्यासाकडे आले.

पन्नाशीच्या दशकात कायदा घरांवरून घरांतील वस्तूंवर आणि तेथून स्वतंत्रपणे कलाकृतींवर सरकला. हा बदल किती मोठा होता हे डेव्हनशरच्या सरदार घराण्याच्या प्रकरणावरून कळते. दहावे ड्यूक नोव्हेंबर १९५० मध्ये वारले. आपली मालमत्ता त्यांनी आधीच पुढील पिढीच्या नावे केली होती. परंतु अशी बक्षीसपत्रे करमुक्त ठरण्यासाठी आवश्यक असलेली पाच वर्षांची मुदत पूर्ण व्हायला काही आठवडे कमी पडले आणि इस्टेटीवर ८० टक्के दराने कर बसला. त्या कराच्या फेडीत हार्डविक हॉल हा वाडा गेला. मेमलिंगचे त्रिपट चित्र आणि रेम्ब्रँटचे म्हणून ओळखले जाणारे 'खुर्चीतील वृद्ध' हे चित्र नॅशनल गॅलरीत गेले. क्लोद लोरेंने आपल्या चित्रांची नोंद म्हणून जपलेली रेखाटनांची वही ब्रिटिश म्युझियममध्ये, तर होल्बाइनने काढलेला आठव्या हेन्रीचा मोठा आराखडा नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत पोहोचला. या कलाकृती १९५७ साली आल्या. एका माणसाचा मृत्यू आणि काही आठवड्यांची चूक यांतून लंडनच्या तीन सार्वजनिक संस्था श्रीमंत झाल्या, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

यांतील 'खुर्चीतील वृद्ध' या चित्राची पुढील कथा मापाच्या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकते. १९६९ साली तज्ज्ञांनी ते रेम्ब्रँटचे असल्याबद्दल गंभीर शंका घेतली आणि ते अनुयायाचे काम मानले जाऊ लागले. २०१४ साली रेम्ब्रँटचे अभ्यासक एर्न्स्ट व्हान द वेटरिंग यांनी ते रेम्ब्रँटचेच आहे, असा निर्वाळा दिला. चित्र जागचे हलले नाही, त्यावरील रंगाचा एक कणही बदलला नाही. पण त्याची बाजारातील किंमत या काळात किती वेळा वरखाली झाली असेल याची कल्पना करावी. कराची वजावट मात्र एकदाच झाली आणि ती कायमची झाली. धान्य किडके निघाले तर कारकून रयतेला परत बोलावू शकत असे. येथे ती सोय नाही, आणि असू नये हेही खरे; कारण अभ्यासकांचे मत बदलले म्हणून वारसांकडे पुन्हा कर मागणे अन्यायाचे होईल. म्हणजे मूल्यांकनातील जोखीम सर्वस्वी सरकारची, पर्यायाने करदात्यांची असते.

गोडव्याचे गणित

ब्रिटिश योजनेचे आजचे गणित पाहण्यासारखे आहे. वारसाकराचा दर ४० टक्के आहे. एका वारसाकडे १ लाख पौंडांचे चित्र आहे असे धरू. त्याने ते बाजारात विकले तर ४० हजार पौंड करात जाऊन त्याच्या हाती ६० हजार उरतील. हेच चित्र त्याने सरकारला दिले तर त्यावरील कर माफ होतो. शिवाय माफ झालेल्या कराचा चौथा हिस्सा, म्हणजे १० हजार पौंड, प्रोत्साहन म्हणून वारसाच्या पदरात पडतात. या वाढाव्याला तेथे फ्रेंचमधून घेतलेल्या 'दूसर' म्हणजे 'गोडवा' या शब्दाने ओळखतात. त्यामुळे चित्राच्या मोबदल्यात त्याचा इतर मालमत्तेवरील ७० हजार पौंडांचा कर फिटतो. अहवालांत फिटलेला कर म्हणून हीच रक्कम येते आणि १ लाखाचे चित्र राष्ट्राला ७० हजारांत मिळाले, असे समाधान त्यावरून मानले जाते.

हे समाधान तपासून घेतले पाहिजे. चित्र बाजारात विकले गेले असते तर सरकारला त्यावरचे ४० हजार मिळालेच असते. ते आता मिळत नाहीत. त्यांत इतर मालमत्तेवरील सोडलेले ७० हजार मिळवले की सरकारने १ लाख १० हजार पौंडांवर पाणी सोडले, असे दिसते. वारसाला विक्रीपेक्षा १० हजार अधिक मिळाले, तर ते कोणाच्या तरी खिशातून आलेच असले पाहिजेत; ते सरकारी तिजोरीतून आले. अर्थात याला दोन अपवाद सांगितले पाहिजेत. वारस चित्र कधीच विकणार नसेल आणि लोकांना पाहू देण्याच्या अटीवर त्याला आधीच करसवलत मिळालेली असेल, तर ते ४० हजार मुळात कागदावरचेच होते. शिवाय लिलावगृहाची दलाली वाचते, ती वेगळी. तरीही राष्ट्राला माल स्वस्तात मिळतो हा दावा जसाच्या तसा टिकत नाही. राष्ट्र बाजारभावाने, किंवा त्याहून किंचित चढ्या भावाने खरेदी करते. फक्त पैसे देताना दिसत नाही.

न दिसणे हीच या धोरणाची शक्ती आहे आणि हाच त्याचा दोषही. संग्रहालयाने १ लाख पौंड रोख मागितले असते तर अर्थखाते, संसद आणि वृत्तपत्रे यांनी रुग्णालये आणि शाळा यांच्याशी त्या मागणीची तुलना केली असती. न आलेल्या कराची तुलना कोणी कशाशी करत नाही. म्हणूनच ब्रिटनने या सवलतीवर, जिवंतपणी दिलेल्या देणग्यांसह, वर्षाला एकूण ४ कोटी पौंडांची मर्यादा घातली आहे आणि कोणती वस्तू किती कराच्या बदल्यात आली याचा सचित्र अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. ज्यांच्या नावे माप होते त्यांना ते पाहता येते, ही प्रस्तुत लेखकास या योजनेची सर्वात मोलाची बाजू वाटते.

सरकारने हात आखडता घेतला तर काय होते, याचा धडाही ब्रिटननेच घेतला. सहावे लॉर्ड रोझबरी १९७४ साली वारल्यावर मेंटमोरचा वाडा त्यातील संग्रहासह सरकारने घ्यावा, असा प्रस्ताव वारसांनी मांडला. मागणी सुरुवातीस २० लाख पौंडांची होती. राष्ट्रीय भूमी निधी तोवर अर्थखात्याने कापून बराच लहान केला होता आणि तत्कालीन मजूर सरकारने प्रस्ताव नाकारला. मे १९७७ मध्ये नुसत्या वस्तूंच्या लिलावात ६० लाखांहून अधिक पौंड आले. त्या लिलावात व्हान लू याच्या नावावर ८ हजार पौंडांना गेलेले एक चित्र फ्रागोनारचे निघाले आणि पुढील वर्षी नॅशनल गॅलरीने तेच चित्र ४ लाख ९५ हजार पौंडांना विकत घेतले. रिकामा वाडा १९७८ साली महर्षी महेश योगी यांच्या संस्थेने घेतला, हा आपल्याकडील वाचकांस गंमतीचा वाटावा असा तपशील. या नाचक्कीतून १९८०चा राष्ट्रीय वारसा कायदा आणि राष्ट्रीय वारसा स्मृती निधी जन्मास आले.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण मात्र या व्यवस्थेच्या बाजूने आवर्जून सांगितले पाहिजे. चित्रकार ल्युसियन फ्रॉइड २०११ साली वारले. आपला मित्र फ्रँक आउअरबाख याची १५ तैलचित्रे आणि २९ कागदावरील कामे त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या घरात लावली होती. २०१४ साली हा सारा संग्रह सुमारे १ कोटी ६२ लाख पौंडांच्या करापोटी स्वीकारला गेला आणि देशभरातील निरनिराळ्या संग्रहालयांत वाटला गेला. फ्रॉइड आणि आउअरबाख हे दोघेही बर्लिनमध्ये जन्मलेले, नाझी राजवटीमुळे बालपणी इंग्लंडात आलेले. ज्या देशाने आसरा दिला त्याचा कर एकाच्या चित्रांनी दुसऱ्याच्या नावे चुकता व्हावा, यात 'देणे' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

फ्रान्स : एका कलावंताचे अख्खे दप्तर

फ्रान्सचा कायदा ३१ डिसेंबर १९६८चा. आंद्रे मालरो तेव्हा संस्कृतिमंत्री होते. वारसाकर भरण्यासाठी महत्त्वाच्या कलाकृती, ग्रंथ, दस्तऐवज आणि संग्राह्य वस्तू देता येतील, असे या कायद्याने ठरवले. विविध खात्यांचे प्रतिनिधी असलेली एक समिती प्रस्तावाची छाननी करते. १९८२ साली तेथे संपत्तिकर आला तेव्हा कलाकृती त्या करातून वगळल्या गेल्या. पण तोच कर कलाकृती देऊन फेडण्याची सोय मात्र झाली. ज्या वस्तूवर कर नाही तीच वस्तू कराचे चलन व्हावी, हा विरोधाभास त्या कायद्याच्या टीकाकारांना आयताच मिळाला.

या कायद्याचे नाव झाले ते पिकासोमुळे. एप्रिल १९७३ मध्ये पिकासो मृत्युपत्र न करता वारला. वारसांची गुंतागुंत सुटायला सहा वर्षे लागली. १९७९ साली करापोटी सरकारकडे आलेल्या कामांची यादी अवाढव्य आहे : २०३ चित्रे, १५८ शिल्पे, मातीची भांडी, चिकटचित्रे, १,५०० च्या आसपास रेखाटने आणि त्याहून अधिक मुद्राचित्रे. त्यांच्यासाठी पॅरिसच्या मारे भागातील सतराव्या शतकातील एक वाडा सज्ज करण्यात आला आणि १९८५ साली तेथे पिकासो संग्रहालय उघडले. १९८६ साली त्याची पत्नी जाकलीन हिच्या मृत्यूनंतर आणखी एक भर पडली, आणि २०२१ साली कन्या माया हिच्याकडून नऊ कलाकृती याच मार्गाने आल्या.

येथे निवड कशी झाली, हे महत्त्वाचे आहे. वारसांनी नको असलेले सरकारच्या गळ्यात मारले, असे झाले नाही. वारसांत वाटणी होण्यापूर्वी सरकारच्या प्रतिनिधींना निवडीचा पहिला हक्क मिळाला आणि त्यांनी एकेक उत्कृष्ट कृती वेचण्याऐवजी कलावंताच्या वाटचालीचा प्रत्येक टप्पा दिसेल अशी निवड केली. त्यामुळे १९०१चे निळ्या काळातील आत्मचित्र, वेताच्या विणीचे छापील मेणकापड चिकटवलेले १९१२चे स्थिरचित्र, रेखाटनांच्या वह्या, अर्धवट प्रयोग हे सारे एकत्र राहिले. १९४२ साली जुन्या सायकलचे खोगीर आणि हँडल जोडून केलेले बैलाचे मस्तक हेही त्यातच आहे. भंगारातील सायकलच्या दोन सुट्या भागांनी फ्रेंच सरकारचा कर फिटला, हे कोणत्याही कारकुनाला पटवणे कठीण. पण तो फिटला हे खरे आहे.

या संग्रहाचे समीक्षकांनी पुरेसे न ओळखलेले वैशिष्ट्य असे की हा पिकासोने विकलेल्या नव्हे, तर न विकलेल्या कामांचा संग्रह आहे. जगातील इतर संग्रहालयांतील पिकासो हा दलाल, ग्राहक आणि अभिरुची यांच्या चाळणीतून आलेला आहे. पॅरिसमधील पिकासो हा कलावंताने स्वतःपाशी राखलेला पिकासो आहे. एखाद्या कवीचे प्रकाशित संग्रह आणि त्याचे दप्तर यांत जो फरक असतो तोच येथे आहे. आणि हे दप्तर अभ्यासकांसाठी उघडले गेले ते कोणाच्या रसिकतेमुळे नव्हे, तर कर भरणे चुकवता येत नव्हते म्हणून.

व्हर्मेरचे 'खगोलशास्त्रज्ञ' १९८३ साली रोथशिल्ड घराण्याकडून लूव्रमध्ये आले ते याच वाटेने. कुर्बेचे 'जगाचा उगम' हे चित्र मनोविश्लेषक जाक लाकाँ यांनी घरी दुसऱ्या चित्राच्या झाकणाखाली लपवून ठेवले होते. ते १९९५ साली करापोटी ओर्से संग्रहालयात भिंतीवर आले. खाजगीपणाची परिसीमा असलेली वस्तू सार्वजनिक करण्याची ताकद कराच्या नोटिशीत असते, हे यावरून दिसते. परंतु फ्रेंच व्यवस्थेत एक गोष्ट खटकते. करविषयक गोपनीयतेमुळे कोणती कृती किती कराच्या बदल्यात आली, हे सामान्यतः जाहीर होत नाही. वस्तू लोकांची झाली, पण तिची किंमत मात्र देणारा आणि घेणारा यांच्यातील गुपित राहिली. ज्याच्या पैशाने खरेदी झाली त्यालाच किंमत न सांगणे हे सरकारी खरेदीच्या इतर कोणत्याही क्षेत्रात चालले नसते.

मेक्सिको : जिवंत कलावंताचा कर

वरील दोन्ही देशांत कर भरतो तो वारस, आणि बहुधा श्रीमंत वारस. मेक्सिकोची योजना याहून मुळातच वेगळी आहे. तेथे कर भरतो तो स्वतः कलावंत, आपल्या हयातीत आणि आपल्या हातच्या कामाने. १९५७ साली भित्तिचित्रकार दाविद अल्फारो सिकेरोस यांनी तेव्हाचे प्राप्तिकर विभागाचे प्रमुख उगो मार्गाइन यांच्याकडे जाऊन, कर थकलेल्या मित्राला तुरुंगात टाकण्याऐवजी त्याची चित्रे घ्या, असा तोडगा सुचवला, अशी कथा सांगितली जाते. १९७५ साली अध्यक्ष लुईस एचेवेर्रिया यांच्या काळात या प्रथेला कायद्याचे रूप मिळाले.

या योजनेतील माप आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. चित्राची किंमत ठरवण्याच्या फंदात मेक्सिकोचे अर्थखाते पडत नाही. ते चित्रे मोजते. कलावंताने वर्षभरात पाचपर्यंत कामे विकली तर एक काम सरकारला द्यायचे. विक्री वाढेल तशी संख्या वाढत जाते आणि एकवीस वा अधिक विकली तर सहा द्यायची. म्हणजे चित्राला पायली नाही म्हणून मेक्सिकोने नग मोजले. आलेली कामे तज्ज्ञांची समिती पाहते, आणि कलावंताच्या त्या काळातील कामाचे प्रतिनिधित्व न करणारे काम नाकारूही शकते. स्वीकारलेली कामे केंद्र, राज्ये आणि नगरपालिका यांच्यात वाटली जातात. अर्थखात्याचे स्वतःचे कलासंग्रहालय राजधानीत जुन्या आर्चबिशपवाड्यात आहे, आणि त्या वाड्याखाली अझ्तेकांच्या तेस्कात्लिपोका या देवाच्या मंदिराचे अवशेष आहेत. रुफिनो तामायो, लिओनोरा कॅरिंग्टन, फ्रान्सिस्को तोलेदो यांच्यासारख्या मोठ्या कलावंतांची कामे या संग्रहात आहेत.

या पद्धतीवरील पहिला आक्षेप उघड आहे. नग मोजायचे ठरले की कलावंत आपले सर्वोत्तम काम ग्राहकासाठी राखून दुय्यम काम सरकारकडे धाडणार. समितीच्या चाळणीने या मोहाला आळा बसतो, पण तो मोह नाहीसा होत नाही. दुसरा आक्षेप कमी बोलला जातो. एकच चित्र लाखो पेसोंना विकणारा आणि एक चित्र किरकोळ रकमेला विकणारा, दोघांनाही एकेकच नग द्यावा लागतो. करशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही. मात्र प्रस्तुत लेखकास यात एक समजूतदारपणा दिसतो. ही योजना करवसुलीची म्हणून पाहिली तर ढिसाळ आहे. समकालीन कलेच्या नोंदवहीची म्हणून पाहिली तर तिला तोड नाही. १९७५ पासून कोण काय रंगवत होते, याची दरसालची नोंद राष्ट्राच्या संग्रहात आपोआप साठत गेली. त्यात प्रसिद्ध नावे आहेत तशी पुढे विसरली गेलेलीही आहेत. फ्रान्स आणि ब्रिटनचे धोरण काळाने निवडलेले घेते. मेक्सिकोचे धोरण काळाने निवडण्याआधी घेते. संग्रहाच्या इतिहासकाराला दुसरा प्रकार अधिक उपयोगी पडतो, कारण विस्मृती कशी घडते हेही त्यातून दिसते.

याउलट एक कटू प्रश्नही विचारला पाहिजे. चित्रकाराने चित्र देऊन कर भरावा, मग कुंभाराने मडकी आणि विणकराने घोंगडी देऊन का भरू नये? जुन्या ऐनजिनसी वसुलात घोंगडी चालत असे. आधुनिक राज्याने ती नाकारली आणि फक्त 'कला' म्हणून मान्य झालेल्या वस्तूंसाठी तो दरवाजा उघडा ठेवला. कला आणि कारागिरी यांच्यातील जी सीमारेषा सौंदर्यशास्त्राला आजवर निर्विवादपणे आखता आली नाही, ती करखाते एका परिपत्रकाने आखून मोकळे होते.

भारत : कर नाही आणि संग्रहही नाही

आपल्याकडे कलाविषयक परिसंवादांतून अधूनमधून अशी मागणी होते की फ्रान्सप्रमाणे येथेही कराच्या बदल्यात कलाकृती घ्याव्यात. ही मागणी करताना एक साधी गोष्ट नजरेआड केली जाते. वारसाला चित्र द्यावेसे वाटते ते त्याच्या मानेवर कर असतो म्हणून. भारतात मृत्युकर १९५३ साली आला आणि १९८५ साली, विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना, रद्द झाला. १९५७च्या संपत्तिकर कायद्याने विक्रीसाठी नसलेल्या कलाकृती करातून वगळल्याच होत्या. तो करही २०१५च्या अर्थसंकल्पाने संपवला. आज मुंबईतील एखाद्या धनिकाच्या घरी असलेली चित्रे मुलांकडे जाताना सरकारला एक रुपयाही द्यावा लागत नाही. ऋणच नसेल तर ऋणफेडीत काय घेणार? फ्रान्सचे पिकासो संग्रहालय हवे, पण फ्रान्सचा वारसाकर नको, ही भूमिका तर्काला धरून नाही. आणि जे ही मागणी करतात त्यांपैकी किती जण वारसाकराचीही मागणी उघडपणे करतील, याविषयी शंका आहे.

महाराष्ट्रात संग्रहालये उभी राहिली ती वेगळ्या परंपरेतून. औंधच्या पंतप्रतिनिधींचा संग्रह, पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर वेचलेल्या वस्तू, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आलेले टाटा बंधूंचे संग्रह ही सारी 'देणे' या क्रियापदाची उदाहरणे आहेत, नामाची नव्हेत. या दातृत्वाबद्दल आदर आहेच. पण दातृत्वावर धोरण उभे राहत नाही. दाता भेटला तर संग्रह, न भेटला तर काही नाही.

रोखीने घेण्याचा अनुभवही फारसा उत्साहवर्धक नाही. निजामाच्या न्यासांकडील १७३ रत्नालंकार भारत सरकारने प्रदीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९५ साली सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले. त्यानंतर ते मोजक्या प्रदर्शनांपुरते बाहेर आले; एरवी ते मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत राहिले. वस्तू राष्ट्राची झाली, पण ती राष्ट्राला दिसली नाही.

आता २०१९ची घटना पाहू. पंजाब नॅशनल बँक प्रकरणातील आरोपी नीरव मोदी याच्या थकीत करापोटी प्राप्तिकर खात्याने त्याचा चित्रसंग्रह जप्त केला होता. २६ मार्च २०१९ रोजी खात्याच्या करवसुली अधिकाऱ्यासाठी एका खाजगी लिलावगृहाने मुंबईत या चित्रांचा लिलाव केला. भारतात करखात्याच्या वतीने कलाकृतींचा असा व्यावसायिक लिलाव हे नवेच होते. एकूण ५० कोटी रुपयांहून अधिक रक्कम आली. तीत वासुदेव गायतोंडे यांच्या १९७३च्या तैलचित्राला २५ कोटींच्या घरात, आणि राजा रविवर्मा यांच्या १८८१च्या चित्राला १६ कोटींच्या आसपास बोली मिळाली. त्रावणकोरचे महाराज आणि त्यांचे धाकटे बंधू मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे स्वागत करीत आहेत, असा रविवर्मांच्या चित्राचा विषय. एतद्देशीय संस्थानिक, ब्रिटिश सत्ताधारी आणि दोघांनाही युरोपीय तैलरंगात पकडणारा भारतीय चित्रकार असे तिहेरी नाते एका चौकटीत दाखवणारी ही कृती इतिहासाचा दस्तऐवज म्हणूनही अनमोल आहे.

म्हणजे जी परिस्थिती निर्माण करण्यासाठी फ्रान्सला कायदा करावा लागला, ती येथे आयतीच घडून आली होती. कर थकलेला होता, कलाकृती सरकारच्या ताब्यात होत्या आणि त्यांचे मोल तज्ज्ञांनी केलेले होते. नव्हती ती एकच तरतूद : करवसुली अधिकाऱ्याला चित्र बाजूला काढून संग्रहालयाकडे पाठवता येईल आणि तेवढी रक्कम वसूल झाली असे लिहिता येईल, अशी. प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने जप्त केलेले चित्र आणि जप्त केलेली मोटारगाडी यांत फरक नव्हता. त्याच संग्रहालये चालवणाऱ्या सरकारच्या हातात १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने सार्वजनिक हितासाठी अशा वस्तू सक्तीने, भरपाई देऊन संपादन करण्याचा अधिकार दिलेला आहे. एका खात्याने विकायचे आणि दुसऱ्याने हवे तर भरपाई देऊन घ्यायचे, अशी ही रचना. आणि दुसऱ्या खात्याने ते केले नाही. या बाबतीत प्राप्तिकर खात्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने कायद्याने नेमून दिलेले काम चोख केले. डाल्टन यांच्या भूमी निधीचे मर्म हेच होते की करखात्याला आपली वसुली पूर्ण मिळाली पाहिजे आणि तिची भरपाई दुसऱ्या खिशातून झाली पाहिजे. तो दुसरा खिसा आपल्याकडे शिवलेलाच नाही.

तो शिवायचा असेल तर वारसाकराच्या वादाची वाट पाहण्याची गरज नाही. थकीत करापोटी जप्त होणाऱ्या कलाकृतींपुरती मर्यादित तरतूद, वर्षाला ठरावीक रकमेची कमाल मर्यादा, मूल्यांकनाचा जाहीर अहवाल आणि चित्र कोणत्या संग्रहालयात कोणत्या मुदतीत लोकांना पाहायला मिळेल याची अट, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. अर्थात यामुळे कर थकवणाऱ्याला सवलत मिळता कामा नये. ब्रिटनमधला 'गोडवा' येथे गैरलागू आहे. आणि आधीच गोदामांत पडून असलेल्या संग्रहांकडे पाहता, शेवटची अट सर्वांत कठीण ठरेल हेही मान्य केले पाहिजे.

२६ मार्चच्या त्या लिलावातून आलेली रक्कम सरकारजमा झाली आणि चित्रे नव्या मालकांच्या घरी गेली. रविवर्मा यांचे चित्र १९७२च्या कायद्यामुळे देशाबाहेर जाऊ शकत नाही. ते देशात कुठेतरी आहे, एवढेच त्या कायद्याला पुरते. नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गायतोंडे यांचे नाव मात्र त्या कायद्याखाली जाहीर झालेल्या नऊ कलावंतांच्या यादीत नाही. त्यांच्या चित्राला देशात राहण्याचेही बंधन नाही.